जुन्या ८४१ राऊटरवर (४ एमबी फ्लॅश, ३२ एमबी रॅम) नवीन ओपनडब्ल्यूआरटी बसतंय का? माडीवर वायफाय पायजे

अव्या_शिवाजीपेठ | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आमचं घर जुनं, खालच्या भिंती दीड हात जाड, दगडमातीच्या. फायबरचा डबा सोप्यात ठोकलाय आणि आत्या माडीवर राहते. तिच्या फोनला एक काडी रेंज, ती पण खिडकीत उभारलं तर. मालिका गोल गोल फिरत बसती आणि मग जिन्यातनं हाक येती, "अव्या, तुझं नेट मेलं बघ."

परवा माळ्यावर टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन सापडला, दिवाळीच्या माळांच्या पिशवीत. खाली स्टिकरवर व्हर्जन ९.०. लावला तर चालू झाला की. मग किडा वळवळला, म्हटलं कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे आतली सिस्टिम, काढून ओपनडब्ल्यूआरटी घालू, लिनक्सवरची फुकटची. फाईलचं नाव लांबडं होतं म्हणून कंपनीचं फर्मवेअर घेत नव्हतं, नाव बदलून बारकं केलं तर घेतलं. १८.०६ बसलं, लुसी (सेटिंगचं वेबपान) पण आली, नाद खुळा. पण ते २०१८ चं हाय. नवीन घालावं म्हणून २१, २२, २३ सगळी पानं बघितली तर माझ्या मॉडेलची फाईलच न्हाई कुठं.

कुणी घातलंय का यावर नवीन? का मी उगंच रात्र घालवाय लागलोय?

पंचगंगा_पिंग | शनिवार, रात्री १०:५८

भावा, सोड. तो डबा कारखान्यातनं बाहेर पडला तेव्हाच अर्धपोटी होता. नवीन घे, ड्युअल बँड घे, आत्या खूश.

गंगावेस_गणपा | शनिवार, रात्री ११:०३

पिंगराव, तुम्हाला कुणी गंजलेली सायकल दाखवली तरी तुम्ही बुलेटचं शोरूम दाखवताय. त्याला नेट नकोय, त्याला नाद पुरा करायचाय. मर्दा घाल तू.

राऊटरकाका | शनिवार, रात्री ११:२६

अविनाश म्हणू की अव्या? असो. फाईल का नाही ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

तुझ्या राऊटरमध्ये ४ एमबीची फ्लॅश (लाईट गेली तरी टिकणारी मेमरी) आहे, म्हणजे ४०९६ केबी. त्यातले सुरुवातीचे १२८ केबी बूटलोडरचे (चालू होताना पहिला उठणारा प्रोग्रॅम) आणि शेवटचे ६४ केबी वायफायच्या कॅलिब्रेशनचे, त्यांना हात लावायचा नाही. उरले ३९०४. एवढ्यात कर्नल (सिस्टिमचा गाभा), वायफायचा ड्रायव्हर, सगळे प्रोग्रॅम आणि शिवाय तुझी सेटिंग साठवायची जागा असं सगळं बसवायचं. १८.०६ आणि १९.०७ मध्ये कर्नल ४.१४ पर्यंत होता, तेव्हा कसंबसं बसायचं. २१.०२ ला ५.४ आला, २२.०३ ला ५.१०, २३.०५ ला ५.१५. दरवेळी कर्नल थोडा सुटतो, आपल्यासारखाच. म्हणून २१.०२ पासून त्यांनी किमान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम सांगितली आणि तुझ्यासारख्या मॉडेलच्या तयार फाईली काढणं बंद केलं. सोर्समध्ये मात्र मॉडेलची व्याख्या अजून आहे. म्हणजे दार बंद केलंय, कुलूप नाही लावलेलं.

आता माझा उलटा प्रश्न. हा डबा नेमकं काय काम करणार? नेट वाटणारा मुख्य राऊटर, की नुसता माडीवर वायफाय फेकणारा? उत्तर यावर आहे, व्हर्जनवर नाही.

अव्या_शिवाजीपेठ | शनिवार, रात्री ११:४१

काका, नुसता वायफाय फेकायचाय. खालनं लॅनची केबल जिन्याच्या कडेनं माडीवर नेलीय, खिळे मारताना वडिलांच्या शिव्या खाऊन. पण मग नुसतं एवढंच असलं तर १८.०६ नं काय बिघडतंय?

स्नेहल_राजारामपुरी | रविवार, सकाळी ८:१५

मी सांगते. मुख्य राऊटर म्हणून १८.०६ वापरत असतास तर मी इथूनच ओरडले असते, कारण जानेवारी २०२१ मध्ये डीएनएसमास्क या प्रोग्रॅममधली सात भोकं एकदम बाहेर आली, डीएनएसपूक म्हणतात त्याला, आणि हा प्रोग्रॅम घरातल्या प्रत्येक फोनला आयपी आणि डीएनएस देतो. नुसता ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय फेकणारा डबा, केला तर डीएनएसमास्क बंदच करून टाकता येतो, ती काळजी जाते.

पण मे २०२१ मध्ये फ्रॅगअटॅक्स आले, ते थेट वायफायमध्येच होते. पॅकेटचे तुकडे करून परत जोडायची जी पद्धत आहे त्यातल्याच चुका. म्हणजे डबा नुसता वायफाय फेकत असला तरी लागू. १९.०७.८ मध्ये त्याचा इलाज आला, १८.०६ चा सपोर्ट तोवर संपला होता. त्यामुळे १८.०६ वर राहू नकोस एवढं नक्की.

सोपा रस्ता: १९.०७.१०, त्या मालिकेतलं शेवटचं, २०२२ चं. त्याचा इमेजबिल्डर (तयार तुकड्यांतून इमेज, म्हणजे राऊटरवर घालायची फाईल, जोडणारं साधन) डाउनलोड कर, नको ती पॅकेजं वजा कर, दहा मिनिटांत इमेज. कष्टाचा रस्ता: २२.०३ चा पूर्ण सोर्स घेऊन स्वतः बिल्ड करणं. मी पुण्यातल्या फ्लॅटवर दुसरा केलाय, याच मॉडेलवर. चालतोय. पण कौतुक म्हणून केला, गरज म्हणून नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

गंगावेस_गणपा | रविवार, सकाळी ९:२०

माझा पण ८४१ हाय, १८.०६ वरच, दुकानात. मला तर काय त्रास न्हाई. फक्त दिवसाआड हँग होतोय. म्हणून रोज पहाटे चारला आपोआप रीबूट लावला तर पठ्ठ्या चारला रीबूट झाला, उठला, परत रीबूट, परत उठला, सकाळी दुकान उघडलं तरी त्याचं सुरूच. दिवे असे लुकलुकत होते जसं काय गणपतीचं डेकोरेशन.

राऊटरकाका | रविवार, सकाळी ९:४४

गणपा, याला "काय त्रास न्हाई" म्हणतोस?

या राऊटरला बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. बंद होऊन उठला की स्वतःच्या फाईलींमधली सगळ्यात नवी तारीख बघतो आणि तीच वेळ धरून चालतो, इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत. रीबूटच्या वेळी चार वाजलेले, उठला तरी त्याच्या लेखी चारच, मग परत रीबूट. आधी ७० सेकंद थांब, मग ईटीसीमधल्या बॅनर फाईलला टच कर, मग रीबूट, असं लिहायचं. म्हणजे उठल्यावर घड्याळ चार वाजून एक मिनिट दाखवतं आणि फेरा सुटतो.

पण मुळात हँग का होतोय ते बघ ना. फ्री कमांड मार. ३२ एमबीतली साधारण २७-२८ तुला दिसेल, बाकीची कर्नलनं आधीच घेतलेली. त्यात लुसी उघडी ठेवलीस, चार फोन जोडले, कुणी टोरेंट लावला की संपलं. मग कर्नल कुणातरी प्रोग्रॅमचा बळी देतो, आणि कधीकधी नेमका वायफाय सांभाळणाराच जातो. रीबूट म्हणजे ताप असताना नुसत्या पट्ट्या ठेवणं.

पंचगंगा_पिंग | रविवार, सकाळी १०:०५

परत सांगतो, नवीन घ्या. १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅमवाले गिगाबिटचे राऊटर जुन्या बाजारात मिळतात, त्यावर तयार फाईल टाकायची, विषय संपला. ओपनडब्ल्यूआरटीवाल्यांनी स्वतःचा 'वन' नावाचा राऊटर काढला २०२४ मध्ये, त्यात एक जीबी रॅम आहे. एक जीबी! आणि तुम्ही इथं केबी मोजताय.

इचलकरंजी_लूम | रविवार, सकाळी १०:३१

माझ्याकडं ८४१ व्हर्जन १४ आहे. १४ म्हणजे ९ पेक्षा नवा, मग त्यावर तरी बसेल ना आरामात?

स्नेहल_राजारामपुरी | रविवार, सकाळी १०:३८

नाही दादा, तीच तर गंमत आहे. व्हर्जन १३ ला ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम होती. १४ ला परत ४ आणि ३२. आकडा वाढला, पोट आत गेलं. स्टिकर वाचल्याशिवाय जुना राऊटर कुणी विकत घेऊ नका, वरून सगळे सारखेच दिसतात.

राऊटरकाका | रविवार, सकाळी ११:०२

हे खूप जुनं आहे. ज्या राऊटरवरून ओपनडब्ल्यूआरटीच्या नावात डब्ल्यूआरटी आलं, तो लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी. त्यात लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आलं, लायसन्सप्रमाणे सोर्स द्यावा लागला तो २००३ मध्ये, आणि २००४ ला ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. त्याच राऊटरच्या व्हर्जन ५ मध्ये लिनक्स काढून दुसरीच सिस्टिम घातली आणि मेमरी अर्ध्यावर आणली, २ एमबी फ्लॅश, ८ एमबी रॅम. मग लिनक्सवाल्यांसाठी जुनंच हार्डवेअर एल अक्षर लावून वेगळं विकलं, ४ आणि १६ चं. तेव्हा आम्ही त्या १६ एमबीत काय काय चालवायचो. आता ३२ असून रडतोय.

बरं, अव्या, ठरलं काय?

अव्या_शिवाजीपेठ | रविवार, दुपारी १:१७

ठरलं. कष्टाचा रस्ता. जेवण झालंय, आज सुट्टी, कामाला जायचं न्हाई. ताई, काय काय काढायचं ते सांगा.

स्नेहल_राजारामपुरी | रविवार, दुपारी २:०५

लिनक्स लागेल, उबंटू चालेल, डिस्कवर पंधरा-वीस जीबी मोकळी ठेव. पहिल्या बिल्डला लॅपटॉप दोन-तीन तास तापतो, त्याला गादीवर ठेवू नकोस.

मेनूकॉन्फिगमध्ये (बिल्डच्या सेटिंगची यादी) टार्गेट, म्हणजे चिपची जात, एटीएच७९, खाली सबटार्गेट छोट्या फ्लॅशवाल्यांचा, मग तुझं मॉडेल. आता कात्री. पीपीपी आणि पीपीपीओई काढ, तुला डायल करायचं नाही. डीएनएसमास्क काढ, ओडीएचसीपीडी काढ, फायरवॉल आणि एनएफटेबल्स काढ, ही सगळी कामं खालचा फायबरवाला डबा करतो. लुसी विसरून जा. ओपीकेजी काढ, नाहीतरी पॅकेज टाकायला जागा कुठंय. आयपीव्ही६ काढ. वायफायसाठी डब्ल्यूपॅड-बेसिक येतं आपोआप, त्याच्याबरोबर एसएसएलची अख्खी लायब्ररी येते, ते काढून होस्टएपीडी-मिनी घे. त्यात फक्त डब्ल्यूपीए२ चा पासवर्ड चालतो, डब्ल्यूपीए३ नाही, ते या डब्यात विसरायचं.

मग ग्लोबल बिल्ड सेटिंगमध्ये जा. कर्नलची सिम्बॉल यादी, डीबग, क्रॅशलॉग, कोअरडम्प, सगळं बंद. तिथं किलो-अर्धा किलो नाही, मूठमूठ वाचतं, पण मूठमूठच लागते इथं.

एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण मी त्यात अडकलेले. स्क्वॉशएफएसचा (इमेज दाबून ठेवणारी फाइलसिस्टिम) ब्लॉक साइज मोठा केला की इमेज जास्त दाबली जाते, फ्लॅश वाचते. पण चालताना तेवढा मोठा ब्लॉक रॅममध्ये उलगडावा लागतो. म्हणजे फ्लॅशचं वाचवलेलं रॅमच्या खिशातून जातं. २५६ वर ठेव.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, १८.०६ हे जुन्या एआर७१एक्सएक्स वर आहे, नवीन एटीएच७९ वर. जुनी सेटिंग बरोबर नेऊ नकोस. सिसअपग्रेड (इमेज चढवायची कमांड) मारताना मायनस एन द्यायचं, म्हणजे जुनी सेटिंग टाकली जाते. विसरू नकोस.

अव्या_शिवाजीपेठ | रविवार, संध्याकाळी ६:५०

बिल्ड संपलं पण फाईलच न्हाई! वर स्क्रोल केलं तर लिहिलंय इमेज टू बिग, एक्केचाळीस लाख काहीतरी इज ग्रेटर दॅन ३९,९७,६९६.

राऊटरकाका | रविवार, संध्याकाळी ७:०४

३९०४ गुणिले १०२४. तोच आकडा. कात्री परत घे.

अव्या_शिवाजीपेठ | रविवार, रात्री ९:३२

बिझीबॉक्समधलं (बारक्या कमांडांचा गठ्ठा) निम्मं काढलं, एसएसएच (लांबनं कमांड द्यायचा रस्ता) ठेवलं. बसलं! फाईल आली. टाकतो.

अव्या_शिवाजीपेठ | रविवार, रात्री १०:०९

मंडळी, गडबड. सिसअपग्रेडनं "ही इमेज तुझ्या डिव्हाइसची न्हाई" म्हणून नाकारलं, मग मी मायनस एफ मारून जबरदस्ती केली. आणि त्या गडबडीत मायनस एन राहिलं. आता एक दिवा नुसता लुकलुकतोय, पिंग न्हाई, काय न्हाई.

गंगावेस_गणपा | रविवार, रात्री १०:११

वीट झाली, म्हणजे डबा मेला. घर शिवाजी पेठेतलंच हाय, भिंतीत बसवून टाक.

राऊटरकाका | रविवार, रात्री १०:२०

घाबरू नकोस, बूटलोडर जिवंत आहे तोवर वीट नाही. नेमकं कशानं अडलं ते आज शोधत बसू नकोस, टीएफटीपीनं (केबलवरून फाईल पाठवायची साधी पद्धत) सरळ नव्यानं टाक.

लॅपटॉपला हातानं आयपी दे १९२.१६८.०.६६, मास्क नेहमीचा. वायफाय बंद, लॅपटॉपचं फायरवॉल बंद. टीएफटीपी सर्व्हर चालू कर आणि त्याच्या फोल्डरमध्ये तुझी फॅक्टरीवाली इमेज ठेव, सिसअपग्रेडवाली नाही. फाईलचं नाव अगदी असं, सगळी बारकी इंग्रजी अक्षरं: डब्ल्यूआर८४१एनव्ही९, अंडरस्कोअर, टीपी, अंडरस्कोअर, रिकव्हरी, डॉट बिन. केबल पिवळ्या लॅन पोर्टला. राऊटर बंद कर, मागचं रीसेटचं बटण दाबून धर, तसंच धरून चालू कर, कुलुपाचा दिवा लागला की सोड. बूटलोडर स्वतः येऊन फाईल मागतो.

राऊटर बंद असताना लॅपटॉपचं लॅन पोर्ट झोपतं आणि उठायला वेळ घेतं, तेवढ्यात बूटलोडरची वेळ निघून जाते. मधे एखादा साधा स्विच जोडलास तर पोर्ट जागं राहतं.

कंपनीचं मूळ फर्मवेअर याच पद्धतीनं घालणार असलास आणि फाईलच्या नावात बूट असा शब्द असला, तर पुढचे १,३१,५८४ बाइट कापल्याशिवाय टाकू नकोस. तो बूटलोडर असतो, तो भलत्या जागी बसला की मग गणपाची वीट खरी होईल. डीडी कमांडनं ५१२ चे २५७ ब्लॉक सोडायचे.

अव्या_शिवाजीपेठ | रविवार, रात्री ११:४८

आलाआलाआला. स्विच न्हवता, सोप्यातल्या फायबरच्या डब्याचे दोन पोर्ट स्विच म्हणून वापरले. चौथ्या खेपेला फाईल ओढली. आता एसएसएच लागतंय, कर्नल ५.१० दाखवतंय. ८४१ वर ५.१०! काका पाया पडतो.

वायफाय चालू केलं, देश इंडिया, चॅनेल ६, रुंदी २०. लॅनचा आयपी बदलला. नाव खालच्यासारखंच ठेवलंय. उद्या माडीवर.

उद्यमनगर_सोल्डर | सोमवार, सकाळी ७:५५

सगळा धागा वाचला. पोरांनो, तुम्ही कपडे कापत बसलाय, मी म्हणतो पोटच मोठं करा. फ्लॅशची चिप आठ पायांची असते, बत्तीस मेगाबिटची. तीच १२८ मेगाबिटची टाकली की ४ चे १६ एमबी झाले. हॉट एअरनं काढायची, प्रोग्रॅमरवर वाचायची, दोनदा वाचून दोन्ही फाईली तंतोतंत जुळतात का बघायचं, मग नवीनवर लिहायची. त्या स्वस्तातल्या काळ्या प्रोग्रॅमरच्या डेटा पायांवर ५ व्होल्ट येतात, चिप ३.३ ची, ते आधी सुधारून घ्या.

शेवटचा ६४ केबीचा तुकडा जपा. एआरटी म्हणतात. त्यात त्या एका बोर्डाच्या रेडिओचं मोजमाप असतं, दुसऱ्याचं चालत नाही, हरवलं तर वायफाय मेलं. नवीन चिपमध्ये तो परत शेवटाला न्यायचा. रॅम पण बदलता येते, जुन्या डीडीआर१ मॉड्यूलवरची १६ बिटची चिप, पण तिला ६६ पाय आहेत, चष्मा लावून बसावं लागतं. मी दोन केलेत. एकाचे पॅड उपटले ते सांगत नाही.

पंचगंगा_पिंग | सोमवार, सकाळी ९:१०

चिप, प्रोग्रॅमर, हॉट एअर, दोन रविवार. यात नवीन राऊटर आला असता आणि वर पार्टी झाली असती.

उद्यमनगर_सोल्डर | सोमवार, सकाळी ९:१४

पार्टी तुम्ही द्या, राऊटर मी आणतो.

अव्या_शिवाजीपेठ | मंगळवार, रात्री ९:२१

वाईट बातमी. काल माडीवर नेला, सेटिंग परत घालावी लागली, पण मग आत्याला पाचच्या पाच काड्या, लई खूश. आज दुपारी लाईट गेली, तासानं आली आणि वायफाय गायब. लॅपटॉप जोडून बघितलं तर सगळी सेटिंग पुसलेली, आयपी मूळचा, वायफाय बंद. परत घातली, रीबूट केलं, परत पुसली. स्मृतिभ्रंश झालाय याला.

स्नेहल_राजारामपुरी | मंगळवार, रात्री ९:४०

डीमेसेज (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) मार आणि जेएफएफएस२ शोध. टू फ्यू इरेज ब्लॉक्स असं काही आहे का?

अव्या_शिवाजीपेठ | मंगळवार, रात्री ९:४६

हाय! तेच हाय. हे काय असतंय?

स्नेहल_राजारामपुरी | मंगळवार, रात्री १०:१५

तू इमेज ३९०४ च्या अगदी काठापर्यंत भरलीस. मूळ इमेज वाचायचीच असते, तिच्यात काही लिहिता येत नाही. तू केलेले बदल उरलेल्या जागेत वेगळे साठवले जातात, आणि त्या जागेच्या जेएफएफएस२ फाइलसिस्टिमला चालू व्हायला निदान पाच ब्लॉक मोकळे लागतात. तुझ्याकडे तेवढेही नाहीत. मग ती बिचारी रॅममध्येच तात्पुरती वही उघडते, तू त्यात लिहितोस, लाईट गेली की वही गेली.

दोन उपाय. एक, अजून कात्री. दुसरा मला जास्त आवडतो: सेटिंग इमेजमध्येच शिजवून टाक. बिल्डच्या फोल्डरात फाइल्स नावाचं फोल्डर कर, त्यात ईटीसी, त्यात कॉन्फिग, आणि तिथं तुझ्या नेटवर्क आणि वायरलेसच्या फाईली जशाच्या तशा ठेव. ईटीसीमधली शॅडो पण, म्हणजे रूटचा पासवर्ड. ड्रॉपबेअरची (एसएसएच चालवणारा प्रोग्रॅम) किल्ली पण ठेव, नाहीतर दर रीबूटला नवी बनवतो आणि एसएसएच तुला रोज अनोळखी समजतं. मग परत बिल्ड, यावेळी बरंचसं तयार असतं, पटकन होतं. लिहायला जागा नसली तरी चालेल, कारण लिहायचं काही उरलंच नाही. दहा वेळा लाईट जाऊ दे.

तोटा एकच, वायफायचा पासवर्ड बदलायचा म्हटलं की परत बिल्ड आणि परत फ्लॅश. आणि ती इमेज कुणाला पाठवू नकोस, पासवर्ड आत आहे.

राऊटरकाका | मंगळवार, रात्री १०:३०

हे उत्तम. माझ्या डोक्यात आलं नव्हतं. फ्लॅश करताना इमेज आधी टेम्प फोल्डरात येते आणि टेम्प म्हणजे रॅमच, पावणेचार एमबी तिथंच गेली. तेव्हा आधी वायफाय बंद कर, मग फाईल चढव. आणि मायनस एन.

अव्या_शिवाजीपेठ | मंगळवार, रात्री १०:३३

मायनस एन हातावर लिहून ठेवलंय.

गंगावेस_गणपा | बुधवार, सकाळी ११:००

अव्याचं बघून मी पण काल १९.०७.१० घातलं इमेजबिल्डरनं, लुसी काढून. वर झेडरॅम टाकलं, म्हणजे रॅममधलं जे पडून असतं ते दाबून तिथंच ठेवतंय. दहा मिनिटं म्हणाल्या ताई, मला दोन तास लागले कारण एका पॅकेजच्या नावापुढचं वजा चिन्ह राहिलं होतं. पहाटेचा रीबूट काढून टाकलाय. बघू किती दिवस टिकतोय.

इचलकरंजी_लूम | बुधवार, दुपारी १२:२०

मग माझ्या १४ वर काय करू शेवटी?

राऊटरकाका | बुधवार, दुपारी १२:४१

तुमच्या कंपनीच्या मूळ फर्मवेअरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड आहे का बघा. काम तेवढंच असेल तर तो लावा आणि जेवायला जा. सगळ्यांनी अव्या व्हायची गरज नाही.

अव्या_शिवाजीपेठ | पुढचा शनिवार, रात्री ९:०५

अपडेट. सेटिंग इमेजमध्ये शिजवून बुधवारी रात्री टाकली. मायनस एनसकट. मुद्दाम सात वेळा प्लग काढून लावला, सातही वेळा नाव, पासवर्ड, आयपी जागेवर.

फ्री मारलं तर साताठ एमबी मोकळी दाखवतंय, वर दोन फोन आणि आत्याचा टीव्ही. वेग चाळीसच्या आसपास, राऊटरच्या खोक्यावर ३०० लिहिलंय ते खोक्यालाच लखलाभ. पोर्टच शंभरचे हायत तर ३०० येणार कुठनं. पण मालिकेला चाळीस म्हणजे लई झालं.

काल संध्याकाळी पाऊस, लाईट तीनदा गेली. मी खाली अंधारात बसून वाट बघतोय आता जिन्यातनं हाक येणार, आता येणार. न्हाईच आली. वर जाऊन बघितलं तर तिचा फोन आपला आपण जोडला गेलता आणि तिला लाईट आल्यावर नेट कधी आलं ते कळलंच नव्हतं.

उद्यमनगर_सोल्डर | शनिवार, रात्री ९:१८

झकास. आता एक काम कर, अडॅप्टरवर खूण कर. या राऊटरचं ९ व्होल्टचं आणि तुमच्या फायबरच्या डब्याचं १२ चं असलं तर पिन दोघांची सारखीच दिसते. माझ्याकडं दुरुस्तीला येणाऱ्यातले निम्मे तसलेच, घरात साफसफाई झाली की दुसऱ्या दिवशी.

अव्या_शिवाजीपेठ | शनिवार, रात्री ९:२२

केलीय आधीच. आत्याच्या लाल नेलपेंटनं ९ लिहिलंय, अडॅप्टरवर पण आणि राऊटरच्या भोकाशेजारी पण. ती म्हणली बाटली संपीवलीस, नवीन आणून दे.